बक्षीस माझ्या नावावर

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अण्णांचा फोन. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होतो, हातात वडा. "पगारे, कथास्पर्धेत तुमचा पहिला नंबर. अभिनंदन." चेष्टा वाटली. दोनदा विचारून खात्री केली. अण्णा संपादक आहेत त्या दिवाळी अंकाकडे एकवीस वर्षं कथा पाठवतोय. तीन छापल्या, बाकी सगळ्या साभार परत. आणि आता एकदम पहिला! वडा तसाच राहिला.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. अंगणवाडीचं रजिस्टर भरत बसली होती. पेन थांबलं. म्हणाली, "कोणती कथा?"

कोणती म्हणजे? एकच तर पाठवली, कामगारकपातीवरची. हिनेच फेअर केली, हिनेच पोस्टात टाकली. जरा रागच आला. पण आज रागावायचा दिवस नाही.

१५ सप्टें., सोमवार
कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे चोर दिसतोय. विहारात सगळ्यांनी जयभीम करून हात मिळवले. सातपूरला कंपनीच्या शॉपवरही बातमी गेली. सुपरवायझर म्हणाला, "पगारे, आमच्यावर बी लिव्हा कायतरी." लिहिलंय की रे बाबा, तुझ्यावरच लिहिलंय.

रविवारी समारंभ. भाषण लिहिलं, सहा पानं. सौ.ने फेअर केलं, चार झाली. अक्षर बारीक काढते म्हणून असेल.

(अण्णा टाइप केलेलं घेतच नाहीत. "टाइप केलं की माणूस दिसत नाही" म्हणतात. आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. लग्नापासून फेअर करायचं काम हिचं.)

२१ सप्टें., रविवार
रात्रीचे अकरा वाजलेत, उद्या फर्स्ट शिफ्ट. तरी लिहितो.

वाचनालयाचा वरचा हॉल. गर्दी बरी. अण्णांनी आपली पद्धत सांगितली, दर वर्षी सांगतात. नावाचं पान काढून फाइलला लावायचं, परीक्षकाकडे नुसती कथा. निकाल लागला की फाइल उघडायची आणि अक्षरावरून पान जुळवायचं. नंबर वगैरे काही नाही. "पंचवीस वर्षांत एकदाही चूक नाही." टाळ्या. मीही वाजवल्या.

मग परीक्षक, येवल्याच्या निवृत्त प्राध्यापक बाई. म्हणाल्या, पहिल्या कथेतली बायको नवऱ्याच्या कथा फेअर करून देते. एकदा गंमत म्हणून एक वाक्य बदलते. नवऱ्याला कळत नाही. मग दोन बदलते. मग अख्खा परिच्छेद आपल्या मनचा घालते आणि लोक नेमकं त्याचंच कौतुक करतात. "एका पुरुषाने बाईच्या मनात इतकं खोल शिरावं, याचं मला नवल वाटलं."

मी शेजाऱ्याकडे पाहिलं. वाटलं दुसऱ्या नंबरच्या कथेवर बोलताहेत. तेवढ्यात नाव पुकारलं. माझं.

माझ्या कथेत बाईच नाही. पंचिंग मशीन आहे आणि चौदा पुरुष.

शेजाऱ्याने कोपराने ढोसलं. गेलो. शाल घेतली, स्मृतिचिन्ह घेतलं, चार पानी भाषण घडाघडा वाचून दाखवलं. कामगारांच्या घामावर. लोकांनी तेही ऐकलं, टाळ्याही दिल्या. एकालाही प्रश्न पडला नाही! मी का बोललो नाही तिथेच? माइक हातात होता. लाज वाटते.

सौ. तिसऱ्या रांगेत. मान खाली.

रिक्षाने परत निघालो. मी म्हटलं, "अण्णांचा घोळ झालाय, कुणाची तरी दुसऱ्याचीच कथा आहे." तर म्हणे, "शाल सांभाळा, चाकात जाईल."

२२ सप्टें., सोमवार
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तडक अण्णांकडे. म्हटलं, बक्षिसाची कथा बघू द्या. त्यांनी गठ्ठ्यातून काढून दिली.

अक्षर बघून जीव भांड्यात पडला. आपलंच. म्हणजे हिच्या हातचं, माझ्या कथेचं. मग पहिली ओळ वाचली.

"तो कथा वाचून दाखवतो तेव्हा कागदाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते आज कळलं. खुर्चीत बसूनही सरकते.

अण्णांना म्हटलं, फाइल काढा. माझं नावाचं पान वरच होतं. ते दिसल्यावर अण्णांनी पुढे बघितलंच नाही. खाली, सात-आठ पानं सोडून, त्याच अक्षरात दुसरं पान: रेखा भिकाजी साळवे, निफाड. सौ.चं माहेरचं नाव, तिच्या बहिणीचा पत्ता.

अण्णांनी दोन्ही पानं शेजारी धरून पाहिली. म्हणाले, "अक्षर एकच, पगारे. मी तरी काय करणार?"

माझी कथाही गठ्ठ्यात होती. प्रत्येक कथेला बाईंनी शेरा लिहिलाय, कुणाला अर्धं पान, कुणाला दहा ओळी. माझ्या कथेखाली दोनच शब्द. "हस्ताक्षर सुरेख."

हिची कथा तिथेच बसून पूर्ण वाचली. चहा तिसऱ्यांदा गरम करून आणला त्यांच्या सौ.नी.

२३ सप्टें., मंगळवार
आज रजा टाकली. ती अंगणवाडीतून आली, भाजी निवडायला बसली, तेव्हा विचारलं. नाकारलं नाही.

"कधी लिहिलीस?"
"झाली चार वर्षं."
"आणि पाठवली कधी?"
"तुमच्या पाकिटाबरोबरच. दोन पाकिटं केली."
"मला सांगायचं तरी!"
"सांगितलं असतं तर तुम्ही सुधारून दिली असती."

खरं आहे. सुधारूनच दिली असती, आणि उपकार केल्यासारखं.

मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. माझ्या कथांत खरंच बदलतेस?
"कधीमधी."
"कुठे?"
"लय नाय हो. तुम्हीच बघा." आणि मेथीचे देठ वेगळे करत राहिली. रडेल वाटलं होतं. रडायला मलाच आलं.

२४ सप्टें., बुधवार
सेकंड शिफ्ट. सकाळी माळ्यावरून खोकं काढलं. छापून आलेल्या तिन्ही कथा आणि त्यांचे कच्चे कागद. माझं अक्षर लावता लावता घाम फुटला.

दुसऱ्या कथेचा शेवट. त्यावर अण्णांनी तेव्हा पोस्टकार्ड पाठवलं होतं, "शेवटाने हलवून सोडलं." ते कार्ड मी लॅमिनेट करून घेतलंय. कच्च्या कागदावर तो शेवट नाही. माझ्या शेवटी नायक घोषणा देतो. छापलेल्या कथेत तो डबा उघडतो, आणि डबा तसाच परत बंद करतो.

वाचलीच नव्हती का मी माझी छापलेली कथा? वाचली, पंचवीस वेळा तरी वाचली. आपलंच समजून वाचली.

२६ सप्टें., शुक्रवार
अण्णांचा फोन. फ्लेक्स लागला, पेपरात बातमी आली, कार्यक्रम झाला, आता बदल म्हणजे अंकाची शोभा. "नवरा-बायकोत काय एवढं, पगारे? घरातलं घरातच राहिलं." बाईंना तर अजून कळवलंही नाही.

कान तापले. माणूस दिसत नाही म्हणून टाइप केलेलं परत पाठवणारा हा माणूस! म्हटलं, कथा तिची आहे, नाव तिचंच छापा. नाहीतर मीच बाईंना फोन करतो. शेवटी तयार झाले. मंगळवारी अंक छपाईला जातो, त्याच्या आत माझं लेखी पत्र हवं. "आणि तिचीही सही हवी. आणि हे बघा, वाचता येईल असं लिहून आणा."

२८ सप्टें., रविवार
पत्र आज स्वतः लिहिलं. फेअरसुद्धा स्वतः केलं. पहिलीच्या पोरासारखं एकेक अक्षर काढलं. पाच कागद वाया गेले. "सदर कथा माझी नसून रेखा भिकाजी साळवे यांची आहे." हे एवढं वाक्य लिहायला पाऊण तास.

रेखासमोर ठेवलं. पेनही ठेवलं. तिने वाचलं. सही नाही केली. "बघू," म्हणाली.

भीती वाटली. सही केली नाही तर अंकात माझंच नाव जाणार. ती मुद्दाम तसंच ठेवील की काय? जन्मभर माझ्या नावावर तिची कथा. याहून मोठी शिक्षा ती मला देऊ शकणार नाही, आणि तिला ते ठाऊक असणार.

२९ सप्टें., सोमवार
उद्या अंक छपाईला. शिफ्टवरून आलो तर पत्र तिथेच, पेन तिथेच.

धीर करून म्हटलं, "रेखा, सही कर ना. मी अण्णांशी भांडलो. बाईंना फोन करून खरं सांगितलं, त्या चाट पडल्या. कंपनीतसुद्धा सांगितलं सगळ्यांना. अजून काय करू?"

ती कुकर लावत होती. शिटी बसवली, गॅस पेटवला, मग वळली. "तुम्ही सगळ्यांना सांगितलं की कथा माझी हाय. वाचून आठ दिवस झाले. कशी वाटली, ते मला नाय सांगितलं अजून."

एकवीस वर्षं प्रत्येक कथा वाचून झाल्यावर मी हिला विचारतोय, कशी वाटली. दर वेळी सांगितलं तिने.

"आधी ते सांगा," म्हणाली. "सहीचं मग बघू."

बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलोय. आजवर जे लिहिलं त्यातलं एक पानही तिच्या कथेच्या तोडीचं नाही, हे खरं आहे. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. लिहून दाखवायचं नाहीये, उठून स्वयंपाकघरात जाऊन बोलायचंय. तीन शिट्ट्या झाल्या.