खालच्या गल्लीचं पहिलं पाणी

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून लिहिते. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, हे बरं. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, हसू नकोस. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, दुखतंय तोवर घरकाम नवऱ्याला लाव. विमा कंपनीच्या खुर्चीत बसून त्याचे हात काही झिजलेले नाहीत.

बातमी अशी की आमचं पाणी गेलं. विकलं नाही, चालवायला दिलं, असं नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणतात. पंचवीस वर्षांसाठी. ज्यांचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे ना, ते बॅटरीवाले, त्यांच्या कंपनीला. नवे पंप तेच बसवणार, पाणी तेच सोडणार, पट्टी तेच घेणार. सभेत हात वर करून मोजले, अकरा विरुद्ध नऊ. अकरातला एक आमच्या वॉर्डाचा. मत मागायला आला तेव्हा माझ्या उंबऱ्यात चपलांशेजारी उकिडवा बसला होता. परवा जाब विचारला तर म्हणतो, मावशी, सरकारकडे पैसा नाही. मी म्हटलं, मग तू कशाला आहेस?

तुझे दाजी गेले आणि त्यांच्या जागी मी चावीवाली म्हणून लागले, त्याला सोळा वर्षं झाली. खांद्याएवढी लोखंडी चावी, रस्त्यात चेंबर, चेंबरात व्हॉल्व्ह. आधी टेकडी, मग बाजार, शेवटी खालची गल्ली. आता ते सगळं म्हणे बटणावर होणार. कंपनीचा इंजिनिअर आला होता, पंचविशीतला. सगळ्यांसमोर विचारतो, बाई, किती शिकलात? चौथी म्हटल्यावर म्हणाला, मग तुमच्या कामाची माहिती दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, लिहायचंय काय त्यात, चावी उघडते, चावी बंद करते, झालं. त्याने तेवढंच लिहिलं आणि माझी सही घेतली.

खालच्या गल्लीचं सांगितलं नाही. तुला ठाऊक आहे, तिथला पाइप गटारातनं गेलाय आणि सांधे सैल आहेत. पाणी बंद असलं की घाण आत शिरते. म्हणून गल्लीच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह आहे. तो आधी दहा मिनिटं उघडायचा, पहिलं काळं पाणी नाल्यात सोडायचं, मग तो बंद केला की घरांच्या नळांना चांगलं पाणी येतं. हे कुठल्या कागदावर नाही. दाजींच्या डोक्यात होतं, आता माझ्या. पाइप बदला म्हणून दाजींनी अर्ज दिले, मी दिले. नगरपालिकेने ते खाल्ले. शिकलेल्याने आता शोधून काढावं, मी का सांगू?

आपल्या वन्संना मात्र सांगून ठेवलंय. त्या खालच्या गल्लीत राहतात, आणि त्यांची सून पोटुशी आहे. पहिल्या सात बादल्या मोरीत ओता, म्हटलं, आणि कुणाला बोलू नका.

प्रकृतीला जप. बायकोला माझा आशीर्वाद सांग, तुला नेहमीचा आहेच.

तुझी,
ताई


ता. २३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र दोघांनी मिळून वाचलं. घरकामाचा मजकूर हिने मला दोनदा वाचून दाखवला. आता मी केर काढतो. तुझं समाधान झालं असेल.

ताई, तू उगाच चिडतेस. जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं. वीस वर्षं एक पाइप बदलता आला नाही, ते तुझं सरकार. ज्याचा पैसा अडकलाय त्याला रात्री झोप लागत नाही, तो पाइप बदलतो. बॅटरीवाल्यांनी कारखाना काढला तेव्हा लोक त्यांनाही हसले होते. आज अर्ध्या गावाचा पगार तिथून येतो. नगरपालिकेला आता शाळा, दिवे, रस्ते नीट बघू देत. पाणी हा धंदा आहे, तो धंदेवाल्याला करू दे.

आणि इंजिनिअरला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. सोळा वर्षांचं ज्ञान हे तुझं भांडवल आहे, ते फुकट वाटायचं नसतं. अडलं की येतील दारात. तेव्हा म्हण, मला सल्लागार म्हणून घ्या, पगार बोला. माझी बहीण सल्लागार झाली असं मी ऑफिसात सांगेन.

सूनबाईला जपा. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. २९ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. खोटं कशाला बोलू, टेकडीवर आता दिवसभर पाणी आहे. पोलीस अधिकाऱ्याची बायको भेटली, म्हणाली, आम्ही टाकी काढून टाकली. बाजारातही जोर चांगला आहे. खालच्या गल्लीला मात्र अजून दोन वेळाच येतं. तिथे पट्टी कमी जमते, म्हणून तिचा नंबर शेवटी. आधीही शेवटीच होता म्हणा.

मला नगरपालिकेत परत पाठवलं. साहेबांच्या टेबलांवर पाण्याचे ग्लास भरून ठेवते. सल्लागार.

व्हॉल्व्ह आता मोटारीवर उघडतो. टोकाच्या छोट्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर त्यांनी काँक्रीट ओतलं, कारण नकाशात तो नाहीच. पहिल्या आठवड्यात वास आला. मी मनात म्हटलं, आता लोक बोंब मारतील, कंपनीची जिरेल, आणि मग मला बोलावतील. लोकांनी फोन केले. तिथे एक मशीनची बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. नगरपालिकेत गेले तर म्हणाले, पाणी आता आमच्याकडे नाही. नगरसेवकाला पूर्वी रस्त्यात धरून शिव्या घालता यायच्या. बॅटरीवाल्यांना कुठे धरायचं? गाडीच्या काचाही काळ्या. हळूहळू वासाची सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

आता खरं लिहिते. वन्संच्या सुनेचे डोळे पिवळे झालेत. सातवा महिना. मी वन्संना विचारलं, सात बादल्या ओतता की नाही? त्यांनी देवाशपथ सांगितलं, एक दिवस चुकलेलं नाही. मग कळलं. सून सहा घरं पलीकडे शिवणाच्या कारखान्यात बसते. बारा बायका, एक माठ. सकाळी उघडल्यावर माठ पहिला भरतात. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी घर वाचवायला गेले, आणि घर काय चार भिंतींत राहतं?

मी तशीच पळत इंजिनिअरकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. आधी का नाही सांगितलंत, असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, चौथी शिकलेय म्हणून. चांगला मुलगा आहे रे. काँक्रीट फोडायला माणसं आणतो म्हणाला, पण रस्ता नगरपालिकेचा, परवानगी लागते. अर्ज दिलाय.

गल्लीत आजवर एकोणीस जण पिवळे आहेत. काळजी वाटते. लवकर लिही.

तुझी,
ताई


ता. १४ जून

चि. धाकट्यास,

सून गेली. पोटातलंही गेलं. अकरा तारखेला, दुपारी. डॉक्टरीण म्हणाली, पोटुशी बाई असली की ही कावीळ ऐकत नाही. शिवणाच्या कारखान्यातलीच दुसरी एक, तिला पाचवा होता, ती काल गेली.

वन्सं रडत नाहीत. मोरीत बसतात आणि बादल्या ओततात. सातच्या पुढेही ओततात.

चौकशी लागलीय. मला बोलावणं येणार. आणखी लिहवत नाही.

ताई


ता. २१ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आल्यापासून आम्ही दोघं नीट जेवलेलो नाही. ही सारखी म्हणते, मी येते ताईंकडे. तू हो म्हण, मी तिला गाडीत बसवून देतो.

पण आता शांतपणे ऐक. चौकशी समितीसमोर जाशील तेव्हा विचारलं तेवढंच सांग. तुझी सही असलेला कागद आहे, त्यात चावी उघडते, बंद करते, इतकंच आहे. तेवढ्यावर राहा. ज्या नऊ जणांनी विरोध केला होता, ते हा करार मोडायला बसलेत. तू गप्प राहिलीस तर दोष कंपनीचा ठरेल, पाणी नगरपालिकेकडे परत येईल आणि तुझी चावी तुला मिळेल. तुला हवं होतं तेच ना? आणि बोललीस तर कंपनीचा वकील म्हणेल, सरकारी नोकराने मुद्दाम लपवलं. कंपनी सुटेल. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि गल्ली तुला दारात उभं करणार नाही. मेलेल्या दोघी काही परत येणार नाहीत.

माझं मार्चचं पत्र जाळून टाक. त्यात मी जे लिहिलं ते थट्टेत होतं, तू जाणतेस. माझ्या ऑफिसात कळलं तर बरं दिसणार नाही.

रागावू नकोस. तुझ्याशिवाय मला मोठं कोण आहे?

तुझा,
धाकटा


ता. ९ जुलै

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्र जाळलं नाही. कुणाला दाखवलंही नाही, तुझं नाव तोंडातनं काढलं नाही. थट्टेत लिहिलं होतंस हे खरं असेल. मी थट्टेत वाचलं नव्हतं. मला ते वाचून बरं वाटलं होतं, दोन महिने बरं वाटत होतं. दोष तुझा आहे असं म्हणत नाही. एवढंच की तो सगळा माझाही नाही, आणि हे तुला माहीत असावं.

चौकशी नगरपालिकेच्या सभेच्या खोलीत झाली. आदल्या दिवशी त्या नऊ जणांपैकी एक घरी आला. म्हणाला, मावशी, तुम्ही गप्प बसा, बाकी आम्ही बघतो. तोही उकिडवाच बसला. तू जे लिहिलंस तेच त्याने सांगितलं. तुम्ही सगळे शहाणे एकच बोलता.

पण मी गप्प राहिले असते तर पाणी नगरपालिकेकडे आलं असतं म्हणजे काय झालं असतं? ज्यांनी वीस वर्षं अर्ज खाल्ले त्यांच्याकडे. आणि त्या छोट्या व्हॉल्व्हचं कुठल्या कागदावर आलंच नसतं. मी मेल्यावर पुन्हा कुणाचे तरी डोळे पिवळे.

म्हणून सगळं सांगितलं. अर्जांच्या तारखा सांगितल्या, दाजींच्या वहीतल्या. काँक्रीट सांगितलं. मग माझं सांगितलं, की मला अपमान वाटला म्हणून मी बोलले नाही, आणि घरच्यांना तेवढं गुपचूप सांगितलं. घरचं कोण ते विचारलं, मी म्हटलं, ते सांगणार नाही. कंपनीच्या वकिलाने जबानीतलं फक्त माझ्या अपमानाचं वाक्य परत वाचायला लावलं, दोनदा. अर्जांचं कुणी वाचायला लावलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मागे वन्सं उठल्या. मला माहीतच नव्हतं त्या आल्यात. म्हणाल्या, ती घरची म्हणजे मी. मला माहीत होतं आणि मी शेजारणीला सांगितलं नाही, कारण भावजयीची नोकरी जाईल म्हणून. माझ्या मोरीत सात बादल्या ओतत होते आणि सहा घरांवर माझी सून तेच पाणी पीत होती. एवढं बोलून त्या बसल्या. त्या खोलीत पन्नास माणसं असतील, नगरपालिकेची, कंपनीची. आपलं चुकलं असं म्हणणाऱ्या आम्ही दोघीच.

निकाल असा. मला कामावरून कमी केलं, पेन्शनचं नंतर ठरवणार. कंपनीला समज दिली. करार चालू. पाइप जुना म्हणून कंपनी म्हणते तो नगरपालिकेचा, आणि करारात पाणी दिलं म्हणून नगरपालिका म्हणते तो कंपनीचा. त्यामुळे तो गटारातच आहे. चेंबर पुरावा आहे, वरची चौकशी संपेपर्यंत काँक्रीटला हात लावायचा नाही. आठ दिवस टँकर आला, मग बंद झाला. इंजिनिअरची बदली केली. जाताना मला भेटून गेला, पाया पडायला वाकला. मी पडू दिलं नाही.

गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही. वन्संशीही नाही. आम्ही दोघी एकमेकींशीही जेवढ्यास तेवढं. तुझ्या बायकोला आत्ता पाठवू नकोस, तिला इथे श्वास घेता येणार नाही.

काल सकाळी शिवणाच्या कारखान्याची मालकीण दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. तिच्या दोन बायका गेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली की किती बादल्या ओतायच्या तेवढं सांग, दुसरं काही बोलू नकोस. मी म्हटलं, तुमचा नळ टोकाला आहे, तुम्हाला सात पुरणार नाहीत, अकरा ओता, आणि ते पाणीसुद्धा उकळल्याशिवाय पिऊ नका. तिने बोटांवर मोजलं आणि गेली. मग तिच्या मागोमाग पलीकडची आली. संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळी गल्ली येऊन गेली. कुणी आत आलं नाही, कुणी बसलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहून प्रत्येकीला तिच्या नळाचा आकडा सांगितला.

स्वतःला सांभाळ. आशीर्वाद आहेत, ते कमी केलेले नाहीत.

तुझी,
ताई