ब्रेकवरचा पाय

बाबा, तुमच्या गाडीचा रिव्हर्स गेला होता, आणि हे सांगावं असं दिग्रसमध्ये आता कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं काय, एकाच घरात राहत होतो. शिवाय हातात पेन घेतला की माझी भाषा एकदम शाळेतली होते. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असतात, "हे कोन मास्तरीन आली वो घरात?" मास्तरीण नाही झाले, कंडक्टर झाले, ते तुम्ही बघून गेलात. आता तीही नोकरी संपली. घर आहे, पेन्शन आहे, टीव्ही आहे. दिवसभरात तोंड उघडायचं म्हटलं तर दूधवाला येतो तेव्हाच. सबंध आयुष्य "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून ओरडले आणि आता पुढं सरकायला घरात कोणीच नाही. हसू नका.

तुम्ही ज्या शेठकडे ड्रायव्हर होतात त्यांच्या जिनिंगचं, कापसाच्या कारखान्याचं, मैदान विकलं गेलं. शेवटच्या गोदामात तुमची गाडी उभी होती, भिंतीकडे तोंड करून, तुम्ही लावली तशीच. शेठ कारखाना बंद करून गाव सोडून गेले तेव्हा ही विलायती गाडी त्यांनी तुमच्या हवाली केली होती. "तुझ्याशिवाय हिला कोणी चालवली नाही, आता तूच सांभाळ," एवढंच बोलले होते. क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी तेव्हा आपल्याकडे दुसरी कुणाची नव्हती. तुम्ही गेल्यावर मी अधूनमधून जाऊन धूळ झटकायची, बॉनेटवर हात ठेवून परत यायची. आता नव्या मालकाला तिथं प्लॉट पाडायचे आहेत. त्याचा माणूस आला, सोबत भंगारवाला. भंगारवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "बाई, हे आता गॅसनं कापूनच न्या लागते. आटोमॅटिकचा डबा हाय, याले हात लावनारा कोनी भेटत नाई." लाथ घातली नसती तर मी गप्प राहिले असते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दिवाळीच्या आत ही आपल्या इंजिनावर या दारातून बाहेर आली तर माझी. नाही आली तर तुझी. मग मी रडत यायची नाही." तोही खवट, म्हणाला, "ठरलं." बोलून बसले खरी. तुमचीच पोर, आधी जीभ, मग डोकं. दोरी लावून ओढता आली असती, पण शब्द इंजिनाचा दिला होता, दोरीचा नाही. आणि तोंड भिंतीकडे, म्हणजे बाहेर यायला रिव्हर्सच हवा.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आपल्या चौकातला मेकॅनिक आहे ना, त्याच्या हातापाया पडले. चांगला माणूस आहे. त्यानं टाकी धुतली, बॅटरी आणली, आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं, बाबा. मला तर तिथंच रडू फुटलं, तो बिचारा उगाच पान्ह्यांशी खेळत दुसरीकडे बघत राहिला. पण गिअरचा दांडा 'आर'वर, म्हणजे रिव्हर्सवर, ओढला तर गाडी जागची हलेना. तो खाली शिरला. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जी सळई जाते तिचं रबर उंदरांनी खाल्लं होतं. वर दांडा 'आर' दाखवायचा आणि खाली गिअरबॉक्सला त्याचा पत्ताच नाही. त्यानं जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. मग 'आर' लागला, पण उशिरानं, धाडकन, आणि लगेच सुटला. मग त्यानं इंजिन बंद करून गिअरबॉक्समधलं ऑइल पाहायची पट्टी ओढली. म्हणाला, "काकू, हे तं गळ्यापर्यंत भरलं हाय. जास्त झालं का फेस येते, मंग गिअर धरत नाई." जास्त ऑइलानं फेस येतो हे काही खोटं नव्हतं. त्यानं नळी घालून बरंच ऑइल काढलं. पुन्हा इंजिन सुरू केलं तर पुढचाही गिअर गेला आणि मागचाही. नुसतं इंजिन ओरडतंय, गाडी ढिम्म. दुसऱ्या दिवसापासून सोयाबीनचे थ्रेशर त्याच्या दारात रांगेत. "काकू, थ्रेशरवाले जीव खाऊन राह्यले, दिवाळीनंतर पाहू," म्हणाला. दिवाळीनंतर काय पाहायचं होतं, कपाळ!

मी गोदामात खुर्ची टाकून बसले. दुपारची वेळ, कबुतरांशिवाय कोणी नाही. तिथंच आठवलं की आपण दर रविवारी ही पट्टी पाहायचो ती इंजिन चालू ठेवून. बंद गाडीत ऑइल पाहिलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नाही. तुम्ही म्हणायचात, "हे काय ट्रॅक्टरचं इंजिन हाय का? हे झोपलं का सारं ऑइल खाली उतरते अन् पट्टीवर भरलेलं दिसते. जागं करून पाह्य." म्हणजे गाडी इतकी वर्षं झोपलेली, सगळं ऑइल खाली साचलेलं, आणि आम्ही ते जास्त समजून काढून टाकलं. इंजिन तापवायचं, ब्रेक दाबून दांडा एकेका जागेवर न्यायचा, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, आणि मग चालू गाडीत पट्टी ओढायची. सगळं आठवलं. पण अडलं एकाच गोष्टीवर. या कामाला दोन माणसं लागतात हे मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

ते रविवार. मी महागावहून सासर सोडून आले, एक पेटी आणि अंगावरची साडी घेऊन. आई तोवर गेलेली. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. बायका येऊन ओट्यावर बसायच्या, 'काहून आली असन वो?' असं एकमेकींना मला ऐकू जाईल इतक्या हळू विचारायच्या. तुम्ही काही विचारलं नाही. तुम्ही दारात किल्ली घेऊन उभे राहिलात. "चाल. मले ब्रेकवर पाय ठेवाले मानूस पायजे." मी म्हटलं, "दुसऱ्याला न्या." "दुसरा कोन हाय? हे काम एकट्याचं नाई. एक पाय ब्रेकवर लागते, एक हात पट्टीवर." मी म्हटलं, "मले नाई यायचं." "मंग गाडी मरन." "मरू द्या," मी म्हटलं, आणि तुम्ही तसेच उभे. जात नाही, किल्लीही वाजवत नाही. शेवटी तुमची पीडा टळावी म्हणून उठले.

मी सीटवर बसलेली आहे. सीट तापलेली, आत सरकीचा वास. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी उभी, कारण तेवढीच जागा पाटासारखी सपाट. तुम्ही बॉनेटखाली. "दाबलं?" "दाबलं." "आर कर. आता थांब. घाई नोको करू, ऑइल पोचाले येळ लागते." मी थांबते. "एन." थांबते. "डी." गाडी पायाखाली जोर करते, पुढं जायला बघते, आणि मी ब्रेक दाबून धरलेला. तुम्ही पट्टी कागदावर पुसता, बोटात चोळता, हुंगता. "लाल हाय. करपलं नाई. म्हंजे जीव हाय." मग फाटकाजवळच्या टपरीवर चहा आणि आलूबोंडा. पहिल्या रविवारी मी पदरात तोंड लपवून खाल्ला. मग कधीतरी लपवायचं विसरले. त्याच टपरीवर डेपोतला कुणीतरी बोलला की एसटीत बायका कंडक्टर घेणार आहेत, आणि तुम्ही बशीत फुंकर मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "मोठ्यानं बोलता येते तुले. तिथं तेच लागते."

तर बाबा, मी माणूस शोधला. मेकॅनिक शेतात, पलीकडचा दुकानदार गिऱ्हाइकात, भाचीला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये. ब्रेकवर एक पाय ठेवायला सबंध गावात मला कोणी मिळेना. इतकी चीड आली! गोदामाची फरशी सपाट होती. दार उघडं टाकलं, चाकाखाली धोंडे लावले, हँडब्रेक ओढला आणि स्वतःच बसले. इंजिन तापलं. ब्रेक दाबून 'आर', थांबले. 'एन', 'डी', थांबले. परत मागं, 'पी'वर आणलं. 'पी'वर गाडी कुलूप घातल्यासारखी उभी राहते. पाय काढला. हलली नाही. खाली उतरले, बॉनेटकडे गेले, पट्टी ओढली. झालं.

पट्टी हातात धरून मी तशीच उभी राहिले, आणि समोर इंजिन चालू. एवढंच होतं? एकट्या माणसाचं काम, आणि त्यात कसरत ती कसली? तुम्ही शेठला घेऊन नागपूरला जायचात, अमरावतीला जायचात, माहूरचा घाट चढायचात. तिथं ब्रेकवर कोण पाय ठेवत होतं? शेठ? शेठ तर मागच्या सीटवर घोरत असायचे. तुम्हाला माझा पाय कधीच लागत नव्हता, बाबा. मला त्या खोलीतून बाहेर काढायला तुम्हाला काहीतरी कारण हवं होतं, आणि 'पोरी, उठ' असं म्हणणं तुम्हाला येत नव्हतं. इतकी वर्षं तिकिटं फाडली, माणसं ओळखण्याचा मोठा तोरा मिरवला, आणि घरातल्या माणसाची लबाडी मला आता कळली. मी गोदामात मोठ्यानं म्हटलं, "अवो बाबा, काय माणूस होता तुम्ही!" कबुतरं उडाली. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं, आणि त्या क्षणी तुम्ही नाही हे मला जितकं लागलं तितकं तुम्ही गेलात त्या दिवशीही लागलं नव्हतं.

पट्टी कोरडी होती. लाल ऑइल मिळालं, ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये घालतात तेच, मेकॅनिकच्या दुकानातून आणलं. फनेल लावून थोडं थोडं ओतलं, दर वेळी पट्टी पाहिली. खुणेवर आल्यावर धोंडे काढले, बसले, हँडब्रेक सोडला, 'आर' केला. घाई नाही केली. ऑइल पोचायला वेळ लागतो. आधी काहीच नाही, मग सीटखाली एक हलका धक्का, आणि गाडी मागं सरकायला लागली. भिंत लांब जाताना बघितली मी. बाहेर ऊन लागलं तेव्हा फाटकात भंगारवाला उभा होता, हातात आलूबोंडा, तोंड उघडं. "निंगाली वो बाई!" म्हणाला, आणि खोटं कशाला बोलू, त्यालाच जास्त आनंद झाला. मी त्याला घंटी वाजवल्यासारखा हॉर्न दिला आणि गाडी घरी आणली.

आपलं अंगण उतरतं आहे, म्हणून पट्टी पाहायची तर बुद्धविहारासमोरच्या सपाट फरशीवर न्यावी लागते. आज रविवार, वंदना झाल्यावर नेली. शेजारच्या घरात एक म्हातारी राहायला आली आहे, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. मुलगा-सून पुण्याला कामाला, ही दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते. तिला म्हटलं, "मावशी, येता का? ब्रेकवर पाय ठेवाले मानूस पायजे." ती म्हणाली, "मले काय समजते वो त्यातलं?" "समजाचं काई नाई, नुसतं दाबून बसा." बसली, दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरून. म्हणाली, "आमचा आजा लदेणीवर जाये, पाठीवर माल लादेल बैल घेऊन. बैलाले सुदिक असंच दाबून धरा लागे." मग बोलतच राहिली. पुढं मी आलूबोंडे आणले, तरी तिचे बैल संपेनात.

फडकं घरी राहिलं होतं, म्हणून पट्टी पिशवीतल्या याच कागदाच्या पाठीवर पुसली. लाल डाग पडला आहे, करपलेला नाही. असला कागद कोणी पोस्टात टाकत नाही, आणि टाकला तरी तुमच्या पत्त्यावर काय लिहू? राहू दे इथंच. एक मात्र कबूल करते. मावशीला मी शपथेवर सांगितलं की हे काम एकट्याचं नाही. अगदी तुमच्यासारखं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. फक्त तुम्ही ते माझ्यासाठी बोलला होतात. मी माझ्यासाठी बोलले.