एकशे एक्केचाळिसाव्या खुणेपासून खाली

४ मार्च, मंगळवार

सकाळी पावणेसातला निघालो. पिवळ्या रंगाचा डबा एक, ब्रश दोन, पट्टा आखायला पुठ्ठ्याचा साचा (मीच कापलेला), सुरी, चिंध्या, पाणी. डब्याचं झाकण तीनदा दाबून पाहिलं. काका म्हणाले, "आता चौथ्यांदा दाबलंस तर आत जाईल."

काका म्हणजे आमचे मुकादम. कामावर मुकादम म्हणायला हवं. पण त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो, त्यांच्याकडेच जेवतो, तोंडातून काकाच येतं.

काम असं – नदीकाठच्या पायवाटेवर खुणा करायच्या. लाकडी पुलापासून धबधब्यापर्यंत नऊ किलोमीटर, सगळं रान. हे दोघांचं काम आहे. एकाने झाडावर पट्टा ओढायचा, दुसऱ्याने वीस पावलं पुढे जाऊन मागे वळून पाहायचं. जाणाऱ्याला झाडाची एक बाजू दिसते, येणाऱ्याला दुसरी. खूण दोन्हीकडे हवी.

पुलावरच काकांचा गुडघा धरला. कठड्यावर बसले. "तू हो पुढे. जाताना जाणाऱ्याच्या खुणा कर, येताना येणाऱ्याच्या. डबा दोन्हीला पुरतो, दरवर्षी पुरतो. आणि साहेबांना बोलू नकोस, नाहीतर म्हणतील म्हातारा बसून खातो."

एकटाच गेलो. पहिले दोन किलोमीटर नदी वाटेला लागून आहे. पाणी कमी, दगड वर आलेले. मग गवत डोक्याच्या वर जातं आणि नदी नुसती ऐकू येते. साल सुरीने खरवडायची, चिंधीने पुसायची, साचा धरायचा, पट्टा ओढायचा. कड वाकडी आली की पुसून पुन्हा. निम्म्याच्या पुढे एक ओढा येऊन मिळतो. तिथे जनावरांच्या पायांनी पडलेली दुसरी वाट लव्हाळ्यात उतरते. वरून येणाऱ्याला तीच रुंद आणि खरी वाटेल. इथे येणाऱ्याची खूण ठसठशीत हवी, असं मनात धरलं.

बाराला जेवलो, चालता चालताच. अडीचला धबधबा. दोनशे चौदा खुणा झाल्या. प्रत्येकीची कड सरळ. डब्यात पाहिलं तर रंग पावसुद्धा नाही.

येताना पातळ करून पुरवला. पुलापासून मोजत एकशे एक्केचाळिसाव्या खुणेला संपला. ब्रश पिळून अर्धा पट्टा निघाला. तिथून खाली एकशे चाळीस झाडांची येणाऱ्याची बाजू कोरी. ओढा त्यातच.

पुलावर काका डुलक्या घेत होते. "झालं?"

"झालं."

का म्हणालो, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते महिनाअखेर ठरणार आहे. कडा सुबक काढण्यात डबा संपवला, हे कोणाला सांगू? उद्या सकाळी लवकर जाऊन करून टाकीन.

५ मार्च

साहेबांनी कोठीतल्या सामानाची यादी लिहायला बसवलं. उद्या.

६ मार्च

अजून यादी. वाटेच्या कामाचा अहवालही मीच लिहिला. "दोघांनी मिळून, दोन्ही बाजूंनी खुणा केल्या." काकांनी न वाचता सही केली.

८ मार्च, शनिवार

शाळेतल्या एक बाई सकाळी एकट्याच धबधब्याकडे गेल्या, त्या परतल्या नाहीत. पाच वाजता कळलं. सगळे निघालो. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मी कुठे पाहायचं ते सांगू शकलो असतो. सांगितलं, पण "ओढ्याकडे पाहू या का?" असं. कोणी ऐकलं नाही.

९ मार्च

सव्वासातला सापडल्या. ओढ्याच्या वाटेने उतरून घसरलेल्या, नडगी मोडलेली. शुद्धीत होत्या. स्ट्रेचरवरून आणताना बाई साहेबांना म्हणाल्या, "वर खुणा छान होत्या हो. म्हणून मी नकाशा काढलाच नाही. मग त्या दिसेनाशाच झाल्या."

मी स्ट्रेचरचा मागचा डावा दांडा धरला होता.

काका आज गुडघा बांधून आले होते. सकाळी शोधायला वर जाताना ओढ्यापाशी एका झाडापुढे जाऊन ते मागे वळले. पुढच्या झाडाशीही वळले. तिसऱ्याशी वळले नाहीत. सगळे पुढे गेल्यावर म्हणाले, "कितव्या खुणेपासून?"

"एकशे एक्केचाळिसाव्या."

"मोजतोस मात्र बरोबर."



१० मार्च

साहेब म्हणाले, उद्या सकाळी जबाब टेबलावर हवेत. ज्याची चूक असेल तो घरी जाईल, मग तो कितीही जुना असो. काकांची एकतीस वर्षं झाली. चार महिने उरलेत. नावावर एक शेरा नाही.

दुपारी माझा जबाब लिहिला. सगळं खरं. दोन पानं. दोनदा वाचला, एक खाडाखोड दिसली म्हणून पुन्हा उतरवला.

जेवणं झाल्यावर काकांनी बोलावलं. "कागद घे. माझा लिही." त्यांचे कागद नेहमी मीच लिहितो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "मी पुलावरच बसून राहिलो. मुलाला एकट्याला पाठवलं. खालच्या टप्प्यात येणाऱ्याच्या खुणा नकोत, असं मीच त्याला सांगितलं. त्याने विचारलं होतं. मी गप्प बस म्हणालो."

मी पेन थांबवलं. "काका, असं झालं नाही."

"सांगणारा कोण?"

"तुम्ही."

"मग लिही."

काकू आतून म्हणाल्या, "काय शिजतंय दोघांचं?"

"तुझ्या भाजीपेक्षा बरं शिजतंय," काका म्हणाले. मग हळू आवाजात, "मी पुढे जाऊन मागे वळून पाहिलं असतं तर बाईंचा पाय शाबूत असता. तेवढं तर खरं आहे ना? आणि मी चार महिन्यांनी तसाही घरीच. तू आठवी नापास. तुला दुसरं कोण घेणार?"

"आठवी पास आहे. नववी सोडली."

"बरं, पास."

पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, या वेळी कागद डोळ्यांजवळ धरून. "सकाळी तूच नेऊन दे. माझा गुडघा चालायचा नाही."

आता उशाशी दोन कागद आहेत. दोन्ही माझ्याच अक्षरात. दोन्ही देता येत नाहीत. माझाच द्यायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. वहाणा दाराशी सरळ लावून ठेवल्यात.

११ मार्च, मंगळवार

काकांचा दिला.

साहेब म्हणाले, महिनाअखेरची काळजी करू नकोस.

काका उद्यापासून कामावर नाहीत. संध्याकाळी काकूंनी रोजच्यासारखं आधी मला वाढलं. जेवलो.