टिटवीचं टेबल

३ ऑगस्ट

चि. टिटवीस,
आईचे अनेक आशीर्वाद आणि दोन गालांवर दोन पापे.

टेबल पोचलं का? ट्रकवाल्याने आपटलं नसलं म्हणजे मिळवली. आमच्या डिझाइनच्या सरांनी यंदा काम दिलंय ते असं : घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू योजायची, तिचा नकाशा काढायचा, वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने बनवायची आणि त्या माणसाला वापरायला द्यायची. वर्गातली पोरं (मला मावशी म्हणतात, मेली!) कुणी आजोबांची काठी घेतली, कुणी ताईचा दिवा. मला दुसरं काही सुचलंच नाही. तू जमिनीवर पालथी पडून अभ्यास करतेस, ते डोळ्यांसमोरून हलेचना.

सरांनी विचारलं, मापं कुणी घेतली? मी म्हटलं, घ्यायची कशाला, जन्मापासून तिचे फ्रॉक मीच शिवलेत, डोळे मिटून सांगते. कारखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे गिरवले. हा पहिला नकाशा माझा स्वतःचा. तो काढताना तू समोर बसल्यासारखी वाटत होतीस, म्हणून मुद्दाम रेंगाळत काढला.

आता आठवडाभर वापर आणि काय खुपतं ते कळव. आणि हे बाबांना सांगू नकोस, पण मला इथे करमत नाही गं. मागच्या सुट्टीत प्रशिक्षणापायी घरी येता आलं नाही, तेव्हापासून तर मुळीच नाही. शेवटचं वर्ष डोंगराएवढं वाटतंय. टेबल जमलं असेल तर नेटाने पुढे रेटीन. फसलं असेल तर गाशा गुंडाळून सरळ घरी येईन. इतकी वर्षं पदवीवाचून काही अडलं नव्हतं.

बाबांना वेळेवर जेवायला लाव. मला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आई


१२ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

टेबल आलं! एकदम झकास आहे. काहीसुद्धा खुपत नाही. खण लोण्यासारखा सरकतो, पट्टी ठेवायची खाच तर मला फारच आवडली. वर्गातल्या दोघीतिघी खास बघायला येऊन गेल्या आणि जळून खाक झाल्या. तुझ्या सरांना सांग, शंभर नंबरी काम आहे.

बाबांचा भात आधी गिच्च व्हायचा, आता टणक होतो. ते त्याला प्रगती म्हणतात. साखरेचा डबा त्यांनी माझ्यापासून लपवून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता, पण मी हल्ली तो स्टुलाशिवाय काढते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तू घाई करू नकोस. सगळं शिकूनच ये. मी तुझी मुळीच वाट बघत नाही, खरंच. फक्त संध्याकाळी कुणी दार वाजवलं की उगीचच आधी मी उठते. ती आपली सवय.

पुढच्या पत्रात पापे जास्त पाठव. दोन पुरत नाहीत.

तुझी,
टिटवी


१४ ऑगस्ट

प्रिय इंजिनीअरबाईंस,
साष्टांग दंडवत, पण मनातल्या मनात, कारण हात पिठात आहेत.

तुझं गुपित मला पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. टिटवीच्या पोटात काही राहतं का? पण एक गोष्ट मात्र तिने तुझ्यापासून लपवलीय आणि मला शपथ घातलीय. ती मी आता मोडतो.

टेबल देखणं आहे, पण तिचे गुडघे त्याखाली मावत नाहीत. पहिल्यांदा बसली तेव्हा खणाला असे आपटले की मी स्वयंपाकघरातून धावत आलो. ती उठली, मागच्या अंगणातून चार विटा आणल्या आणि चारी पायांखाली सरकवल्या. मी म्हटलं, अगं वेडे, टेबल बुटकं झालंय एवढंच लिही, आई पुढच्या गाडीने दारात उभी राहील. तुला तेच तर हवंय ना? तर म्हणाली, हवंय म्हणूनच लिहायचं नाही. मग तोंड फिरवून खूप रडली. मलाही आवरेना.

तुझं माप चुकलेलं नाही बरं. स्टेशनवर तुझा हात घट्ट धरून उभी होती, त्या पोरीला हे टेबल अगदी बेतशीर बसलं असतं. आता तिचं डोकं माझ्या खांद्याला लागतं.

मलाही तू इथे हवी आहेस, येता-जाता हवी आहेस. पण अर्ध्यावर सोडून आलेली तू मला बघवणार नाही. पुढचं तुझं तू ठरव.

रागावलीस तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
घरचा आचारी


२ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, मागशील तितके पापे आणि पाठीत एक धपाटा.

बाबांवर चिडू नकोस. आपल्या घरात कुणाच्याच पोटात काही राहत नाही, त्याला ते तरी काय करणार? त्यांचं पत्र मी वर्कशॉपमध्ये वाचलं आणि तिथेच ढसाढसा रडले. पोरांना वाटलं, मावशीच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला. पाणी घेऊन धावली बिचारी.

खरं सांगते, त्या दिवशी निम्मी बॅग भरली होती. मग तू विटा उचलून आणतेस ते डोळ्यांपुढे आलं आणि कपडे परत कपाटात ठेवले. सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी गुण कापले ते कापलेच, पण पाय नव्याने करायची मुभा दिली.

सोबत नवे पाय पाठवतेय. नळीत नळी बसवली आहे. भोकं जुळवून पिन घातली की टेबल हवं तेवढं वर होतं. आत्ता तुला बसेल तिथे बाबांकडून पिन घालून घे आणि विटा अंगणात नेऊन ठेव. त्याच्या वर आणखी भोकं दिसतील, ती मुद्दाम पाडली आहेत. पण एक कर, त्यानंतर ती पिन कुणाला हलवू देऊ नकोस. पुढच्या खेपेला गुडघे टेकायला लागले की थोडी कळ काढ. पदवी घेऊन आले की ती पिन मी माझ्या हाताने सरकवणार आहे.

आणि दर महिन्याला बाबांना टेप घेऊन बसव आणि तुझी मापं लिहून पाठव. टेबलाला आता ती नकोत. मला हवी आहेत.

लोभ आहेच, तो तुझ्या उंचीच्या वेगाने वाढत राहो.

तुझी,
आई