बांगड्यांचा आवाज

बुधवार, डिसेंबर २००१. बोरी.

पुढल्या आठवड्यात भावाचं लग्न, म्हणून आज जुन्नरची कासारीण घरी बांगड्या भरायला आली. सगळ्या बायका तिच्याभोवती, मी मात्र चुलीपाशीच. नवऱ्याचं घर सोडून वर्ष उलटलं, तरी कुणी मनगट धरलं की अंग आखडतं. तो मनगटच पिरगाळायचा. तिथं मी बांगड्या काढूनच ठेवायचे. मी कुठल्या खोलीत आहे ते आवाजावरून त्याला कळायला नको. आता भरायच्या तरी कुणासाठी?

आईनं हाक मारली तेव्हा जाऊन बसले. हात ताठच. कासारीण म्हणाली, "ढिला सोड, पोरी. मला घाई न्हाई." आणि माझा हात मांडीवर घेऊन आईशी लग्नाच्या गप्पा मारत बसली. मनगट कधी सैल पडलं, कळलंच नाही. एकही बांगडी फुटली नाही.

संध्याकाळी भाकरी थापायला घेतली आणि दचकले. केवढा हा आवाज! सवयीनं बांगड्या कोपराकडं सारल्या. ओसरीवरून आई म्हणाली, "का गं थांबलीस? लई बरं वाटत व्हतं ऐकायला."

बांगड्या परत खाली ओढल्या. उरलेल्या भाकरी थापल्या, जरा जोरातच.