आई यायच्या आत बसवायचा फ्रिज

१ सप्टें., रवि.
मापं घेतली. केगची उंची २३ इंच, वर नळ्या जोडायला आणखी दोन, रुंदी ९. त्या मापाचं पुठ्ठ्याचं डबडं करून गाडीत टाकलंय, म्हणजे दुकानात फ्रिज उघडून आत उभं करून बघता येईल. मुक्ता म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतंस." खरं आहे. तेव्हा एवढी भीती वाटत नव्हती.
केग माझा मित्र निखिल देणार. स्टीलची टाकी, पाच गॅलन, त्याने घरीच बनवलेली बिअर. छोटा फ्रिज घ्यायचा, त्याला भोक पाडायचं, नळ बसवायचा. बस.
आई २९ला येतेय. तोवर सगळं बसवून झाकून झालं पाहिजे, तिला कळता कामा नये. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे लिहायची लाज वाटते, पण आहे ते आहे.

१४ सप्टें., शनि.
तीन दुकानं हिंडलो. पहिल्या फ्रिजमध्ये वर बर्फाचा कप्पा. तो वाकवून जागा करता येते म्हणे, पण थंड करणारा गॅस त्याच्यातूनच फिरतो. आणि हा गॅस पेट घेणारा. मागे त्रिकोणी स्टिकर, त्यावर ज्वाळेचं चित्र. मी हात मागे घेतला. दुसऱ्याच्या दाराला आतून ओतीव कप्पे, केग ठेवला तर दार लागत नाही. तिसरा काळा, बर्फाचा कप्पा नाही, दाराचे कप्पे निघतात. डबडं आत बसलं. दार लागलं. दुकानातल्या बाईने विचारलं, मुलाच्या कॉलेजसाठी का? हो म्हणालो. आम्हाला मूल नाही. तिच्याशी खोटं बोलायचं काय कारण होतं, देव जाणे.
निखिलला फोटो पाठवला. "घे बे तोच. आणि सिलिंडर पाच पौंडीच घेजो, आतच मावते."

१५ सप्टें., रवि.
दहा पौंडी घेतला. सारखं भरून आणायला कोण जाणार! कार्बन डायऑक्साइडचा, बिअर वर ढकलायला. घरी आणला तर आत मावेना. फ्रिजमध्ये मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा आहे, त्यावर सिलिंडर ठेवला की डोक्यावरचं रेग्युलेटर छताला लागतं. डबडं केगचं केलं, सिलिंडरचं केलंच नाही. आणि मी फॅबमध्ये, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, मापं घ्यायचा पगार खातो.
म्हणजे सिलिंडर बाहेर, नळी भोकातून आत. फ्रिज स्टडीत. गॅरेज लांब आहे, तिथे ठेवला असता तर बरं झालं असतं, पण या वाळवंटात, चँडलरच्या गॅरेजमध्ये या दिवसांत फ्रिजच उकडून मरेल.

२१ सप्टें., शनि.
कॉर्नफ्लोअर आणि स्पिरिट कालवून फ्रिजच्या कुशीला लेप दिला. आतल्या गरम नळ्या जिथून जातात तिथे लेप आधी वाळतो, पांढऱ्या रेघा उठतात. युक्ती निखिलची. दोन रेघांमध्ये चार बोटं जागा मिळाली. तिथे ड्रिल टेकवलं आणि अर्धा तास हात पुढे सरकेना. पेट घेणारा गॅस, ड्रिलची ठिणगी, आणि माझं नशीब. मु.ला म्हणालो, बाहेर अंगणात जाऊन उभी राहा. "फ्रिजला भोक पाडतोयस ना रे? खाण उडवत नाहीयेस." गेली मात्र.
भोक पडलं. फुस्स आवाज आला नाही. खाली बसलो.

२२ सप्टें., रवि.
केग जोडला. नळ आतच, नळीच्या टोकाला, बाहेरून दिसायला नको. सिलिंडर फ्रिजला खेटून उभा. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. फॅबमध्ये माझं कामच हे: गॅसच्या लाइनी, गळती. तिथे साबण लावल्याशिवाय कुणी लाइन चालू केली तर मी त्याची धिंड काढतो.
पहिला ग्लास नुसता फेस. दुसरा सुंदर. मु.ने दोन घोट घेतले, म्हणाली, "चांगली आहे. आता आईंना सांगून टाक." सांगून टाक म्हणे. बाबा चोपन्नाव्या वर्षी लिव्हरने गेले. त्यानंतर आई खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून घरात आणते. तिला काय सांगू?

२६ सप्टें., गुरु.
ऑफिसात कटकट. आल्यावर एक घेतला.

२८ सप्टें., शनि.
मु. म्हणाली, फ्रिज कोल्ड्रिंकचा म्हणून खपेल, पण एवढा सिलिंडर आईंना काय सांगशील? मुद्दा बरोबर. स्टडीच्या भिंतीपलीकडे पाहुण्यांच्या खोलीचं क्लॉझेट आहे, आत शिरता येईल एवढी कपड्यांची खोली. भिंतीला भोक पाडलं, नळी पलीकडे नेली, सिलिंडर क्लॉझेटमध्ये सुटकेसांच्या मागे, वर जुनी चादर. रेग्युलेटर काढून परत बसवावं लागलं. साबण लावायचा राहिला. उद्या पहाटे विमानतळ, गाडी धुवायची, पलंगावर चादरी... आल्यावर बघू. एक घेतला.

२९ सप्टें., रवि.
आई आली. व्हीलचेअर मागितली होती, तिच्यात बसलीच नाही, तिच्यावर पिशवी ठेवून चालत आली. वाळलीय. कुलदेवीचा टाक पर्समध्ये रुमालात गुंडाळून आणलाय. "यंदा घट तुझ्याकडे बसवायचे, शिरीष. नऊ दिवस अखंड दिवा."
स्टडीतला फ्रिज बघितला. "हा कशाला आणखी?" ऑफिसची कोल्ड्रिंक्स, म्हणालो. तिने दार उघडायला हात पुढे केला. कुलूप लावलंय. "कोल्ड्रिंकला कुलूप?" मु. मध्ये पडली, चहाला हाक मारली.

३ ऑक्टो., गुरु.
घट बसले. हॉलमध्ये मांडले होते, पण एसीच्या वाऱ्याने दिवा फडफडतोय. बाहेर ११० फॅरनहाइट, एसी बंद करणं शक्य नाही. मी ऑफिसातून येईपर्यंत आईने स्वतःच जागा शोधली होती: तिच्या खोलीतलं क्लॉझेट. सुटकेसा ढकलून एका कडेला, जमिनीवर पाट, घट, दिवा, आणि दार लोटून आत जपाला बसलेली.
चादर दिसली, जागेवर होती. हुश्श केलं. मग विचार आला, बंद क्लॉझेटमध्ये दिवा, आग लागली तर? वर टांगलेले कपडे सगळे काढले. स्मोक अलार्म तपासला. आगीची एवढी काळजी घेतली की बास.

४ ऑक्टो., शुक्र.
दिवा दोनदा विझला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तेल भरपूर, वात चांगली, दार बंद, वारा नाही. आईने दर वेळी परत लावला, आणि आता त्याला सोडून उठायला तयार नाही.
डोकं दुखतंय म्हणते. उपास, जेट लॅग, उन्हाळा... काही असेल. एक घेतला, तिची पाठ होती तेव्हा. चूळ भरली.

५ ऑक्टो., शनि.
पुन्हा विझला, तीनदा. आईची सकाळी उठताना झोकांडी गेली, मु.ने धरलं. बीपी थोडं वर. मला स्ट्रोकची भीती वाटतेय. इन्शुरन्सचे कागद काढून वाचले, त्याने भीती वाढली.
दुपारी मला जवळ बसवून अगदी शांतपणे म्हणाली, "तुझे बाबा गेले त्या वर्षी पण दिवा राहिला नव्हता. मी ओळखलंय. मला तिकडे पोचव. इथे नको व्हायला, तुम्हा दोघांना फार त्रास होईल."
मी म्हणालो, "काहीतरीच काय, आई."
संध्याकाळी बिअरच्या नळाला धार नाही, दोनतीन फुसकारे आणि थेंब. सिलिंडर रिकामा झाला की काय, एवढ्यात कसा? बघायला जायचं तर आई तिथेच बसलेली. म्हटलं, उद्या.


६ ऑक्टो., रवि.

अकराला चहा विचारायला गेलो. क्लॉझेटचं दार लोटलेलं. उघडलं तर आई भिंतीला टेकून धापा टाकतेय, चेहरा लाल, दिवा विझलेला. म्हणाली, "नाकाला झोंबतंय रे इथे. गोळीसोडा प्यायल्यावर झोंबतं ना, तसं."
डोक्यात लख्ख झालं. मी तिला अक्षरशः उचललं, अंगणात आणून बसवलं. मु. पाणी घेऊन धावली. मी श्वास रोखून आत गेलो, चादर ओढली, व्हॉल्व्ह बंद केला. खिडक्या, दारं, सगळे पंखे.
रेग्युलेटरखालचा वॉशर नाही. २८ला काढला आणि परत बसवलाच नाही, स्टडीच्या खिडकीत पडलाय. नुसता आवळून ठेवलेला सांधा आईच्या सुटकेसच्या धक्क्याने ढिला झाला. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाटावर दिवा, पाटासमोर आई. दिवा विझत होता तो तिला वाचवायला विझत होता, आणि ती दर वेळी परत लावून तिथेच बसत होती.
आणि सिलिंडरला हळदकुंकू वाहिलेलं. दोन बोटं ठसठशीत, वर एक अक्षत चिकटलेली.
अर्जंट केअरला नेलं. ऑक्सिजन ठीक, फुप्फुसं ठीक, दोन तास बसवून ठेवलं. डॉक्टरला खरं काय ते सगळं सांगितलं, बिअरसकट. आई शेजारीच होती, पण एवढं भराभर इंग्रजी तिला कळत नाही. डॉक्टर म्हणाली, वेळेवर उघडलंत दार. म्हणजे जगात सगळ्यांना सांगून झालं, तिला सोडून.
परत येताना गाडीत आई म्हणाली, "तिकिटाचं बघितलंस का?"

७ ऑक्टो., सोम.
रजा टाकली. रात्रभर एकच हिशेब: गप्प राहिलो तर ती समजून चालणार की देवीने तिला बोलावलंय. घरी जाऊन वाट बघत बसेल. खरंच जाईलसुद्धा, अशी माणसं जातात. आणि हे तिच्या मनातून काढणं फक्त माझ्या हातात आहे. बोललो तर कळेल की तिच्या मुलाने बिअर लपवायला तिच्या उशाशी विष ठेवलं. वडिलांवर गेलाय हेही कळेल.
आधी केग बाहेर काढून टाकू म्हटलं. दोन्ही हातांनी जोर लावून उचलला आणि मागेच गेलो. हलका. तळाशी थोडंसं डुचमळतंय. म्हणजे शनिवारी धार गेली ती सिलिंडर संपून नाही, केग संपत आला म्हणून. निखिल एकदा येऊन दोन ग्लास प्यायला, मु.चे दोन घोट. बाकी पंधरा दिवसांत मी. गणित मांडलं. या वहीत लिहिलंय त्याच्याशी जुळत नाही.
गळतीपेक्षा याची जास्त भीती वाटली. केग तिथेच ठेवला.
मग आईकडे गेलो. सगळं सांगितलं. फ्रिज, केग, वॉशर, गॅस, दिवा का विझत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायचो तसा, खाली बघून.
ती ऐकत होती. पहिला प्रश्न: "ते नळकांडं? मला वाटलं तुमच्या शेगडीचा गॅस. म्हणून कुंकू लावलं."
मग: "म्हणजे देवीचं काही नाही."
"नाही, आई. काही नाही. माझं आहे सगळं."
तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. इतके दिवस ती किती घाबरली होती ते मला तेव्हा दिसलं. मला रडू आलं, मी ते आवरलं नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो.
हात तसाच ठेवून विचारलं, "रोज घेतोस?"
"छे. कधीतरी."
रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बरं. उद्या परत विचारीन."
आणि उठली. हॉलमध्ये एसीच्या झोतापासून लांब कोपरा शोधला, घट तिकडे नेले, दिवा लावला. तिकिटाचं काही बोलली नाही.

८ ऑक्टो., मंगळ.
सकाळचे साडेसहा. दिवा तेवतोय, आताच बघून आलो. मु. म्हणते, केग ओतून टाक, नाहीतर ठेव, पण आज ठरव. अजून ओतलेला नाही. काल संध्याकाळी स्टडीत गेलो नाही. म्हणजे, दारापर्यंत गेलो.
"हो" म्हणायला एक क्षण लागतो. तेवढं म्हटलं की पुढे काय काय येतं ते मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. तेव्हा ती बाबांना विचारायची आणि मी दाराआड उभा राहून ऐकायचो. "नाही" म्हटलं तर ती परवा विचारेल. तेरवा विचारेल. व्हिसा सहा महिन्यांचा आहे.
आईच्या बाथरूममधला नळ बंद झाला. स्लिपर वाजतायत. स्वयंपाकघरात न जाता इकडेच येतेय.