माझा नंबर, म्हणजे तुमचाच

पुलगाव, गुरुवार

प्रिय मधुकरराव यांस डोमाजीचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि सूनबाईंचा स्वभाव, दोन्ही बरे असावेत. बंगळुरूत म्हणे उन्हाळ्यातही हवा थंड असते. इथे तुमच्या दुकानाच्या जागी एकाने मोबाइलची कव्हरं मांडली आहेत. त्याला गप्पा येत नाहीत.

पत्रास कारण की (फोनवर तुम्ही लगेच 'बरं, ठेवतो' म्हणता), मागच्या आठवड्यात मला थंडी वाजून ताप भरला आणि गल्ल्यावरच भोवळ आली. ऑटोवाल्या हेमराजने मला थेट वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात नेलं. (माझी छत्री त्याने आठवणीने घेतली, मोबाइल गल्ल्यावरच राहिला.) सलाइन लावून संध्याकाळी घरी सोडलं, पण रक्त ठेवून घेतलं. त्यात जंतू वाढतात का ते बघतात आणि काय निघालं ते फोनवर कळवतात. वाढले तर परत भरती. त्यासाठी नंबर विचारला.

आता माझा नंबर मला कुठून पाठ असणार, मी स्वतःला कधी फोन केलाय? तुमचा मात्र पाठ. माझ्या दुकानात फोन नव्हता तेव्हापासून माझ्या पावत्यांवर 'पी.पी.' म्हणून शेजारच्यांचा, म्हणजे तुमचाच नंबर. फोन आला की तुम्ही मधल्या भिंतीवर किलोचं वजन आपटायचे. पुढे तुम्ही मोबाइल घेतलात तेव्हा पावतीवर त्याचा नंबर आला, पण माझी सवय गेली नाही. तोच नंबर एका दमात सांगून मोकळा झालो.

म्हणजे माझ्या रक्ताचं काय झालं, हे आधी बंगळुरूला कळणार. आणि तुम्ही तर अनोळखी नंबर उचलत नाही, फसवणूक होते म्हणून मुलाने बजावलंय. कृपा करून वर्ध्याचा फोन उचला. खरं सांगतो, भीती वाटते. तुम्ही पलीकडे असता तर मीच भिंत वाजवली असती.

तुमचा,
डोमाजी

ता.क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर मीच जाऊन रिपोर्ट आणला. काही निघालं नाही. कोकिळा सिस्टर म्हणाली, "बाबाजी, कोणाचा नंबर देल्ला? ते उचलूनच नाई राह्यले." मी म्हटलं, "आपलाच माणूस होय. पुढच्या हप्त्यात अजून एक डाव फोन लावजो."

पुन्हा ता.क. तेव्हा फोन उचलाच. बोलायला विषय नसतो, असं तुम्ही दिवाळीत म्हणालात. आता रिपोर्ट कळवायला तरी तुम्हाला मला फोन करावा लागेल. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकेन. सावकाश सांगा.